भिंतीला टेकलेलं झाड

९ सप्टेंबर

छप्पर उतरवलं एकदाचं! कौलांखालून इतके उंदीर निघाले की प्रोकोपीस गवंडी म्हणाला, यांच्याकडून भाडं वसूल कर. मितिलिनी शहरातला फ्लॅट विकून मामाच्या गाढवांच्या गोठ्याचं घर करायला निघालेली बाई म्हणून गावात माझी आधीच कीर्ती आहे. सध्या चाऱ्याच्या खोलीत झोपते. पाठ बोलतेय, पण मी खूश.

१३ सप्टेंबर

पूर्वेची भिंत फुगलीय. प्रोकोपीस म्हणतो, बाळंत व्हायच्या आत काहीतरी कर. बाहेरच्या ऑलिव्हच्या मुळ्या थेट पायाखाली शिरल्यात. एक तर भिंत पाडून चांगली आत घ्यायची — म्हणजे खोलीची कोठडी होणार — नाहीतर झाड तोडायचं.

बागेतली बाकी सगळी झाडं माझी. नेमकं हे एक समोरच्या पोलिक्सेनी मावशीचं! जमीन एकाची, झाड दुसऱ्याचं, हे आमच्याकडे पूर्वापार चालत आलंय. शहरातल्या वकिलाला सांगितलं तर त्याचं डोकं फिरतं. दर हंगामाला मावशी आपली जाळी आणते, एवढ्याच झाडाखाली पसरते, फळं झोडपून नेते. माझ्या झाडांकडे बघतसुद्धा नाही.

थंडीच्या आत छप्पर चढायला हवं. झाड जायलाच हवं.

१४ सप्टेंबर

झालं काम! मावशीचा मुलगा इग्नातिस कॉफीच्या दुकानात भेटला, तिथेच विचारून टाकलं. सोंगट्यांवरून नजर न उचलता म्हणाला, “तोड की. मला काय त्याचं?” इतकं सोपं! त्याला कॉफी पाजली. सोमवारी करवत.

१७ सप्टेंबर

सकाळी बघते तर झाडाखाली खुर्ची, खुर्चीवर पोलिक्सेनी मावशी, मांडीवर शेंगांची परात. प्रोकोपीसशी नीट बोलली. माझ्याशी अक्षर नाही. त्यानं मुकाट्यानं करवत गाडीत ठेवली आणि मला बाजूला घेतलं.

“तू विचारलंस कुणाला?”

“इग्नातिसला.”

“अगं आर्गिरो, ते आंदणातलं झाड! आईकडून लेकीकडे जाणारं. त्यात त्याला काय विचारायचं?”

मी याच गावात जन्मले! माझ्या आईचीही अशी झाडं होती. इतकी वर्षं शहरात काढली आणि साफ विसरले. वर भर दुकानात, चार लोकांसमोर विचारलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

१८ सप्टेंबर

पुन्हा खुर्ची. आज लसूण.

२२ सप्टेंबर

शेवटी अंजिराचा मुरांबा घेऊन गेले. मावशीनं दोन चमचे खाल्ले, वर पाणी प्यायली, मग म्हणाली, “इग्नातिसची मोटारसायकल आहे. ती तोडायची असेल तर त्याला विचार.”

मी माफी मागितली. मनापासून मागितली. तिनं चमचा पुसून बशीत ठेवला.

“मला तिन्ही मुलगेच झाले. हे झाड द्यायचं कुणाला, याचा मी रोज विचार करते. आणि तू मला सोडून सगळ्या गावाला विचारलंस, पोरी.”

चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. निघताना म्हणाली, मुरांब्यात साखर जास्त झालीय. होकार नाही, नकार नाही.

६ ऑक्टोबर

अर्धं छप्पर चढलं. पूर्वेची भिंत लाकडी टेकूंवर उभी. पावसानं पीठ भिजलं, गादी भिजली, मीही भिजले. प्रोकोपीस रोज एकच प्रश्न विचारतो, भिंत की झाड? मला अजूनही ते झाड जायलाच हवंय — इथे खोटं कशाला लिहू?

३ नोव्हेंबर

मावशी जाळी घेऊन आली. गुडघा दुखतोय म्हणून काठी माझ्या हातात दिली. मग काय विचारता! “हळू. फांदीला मारू नकोस. ऑलिव्ह झोडपतेस की गालिचा?” माझी स्वतःची झाडं झोडपताना मी इतकी बोलणी कधी खाल्ली नव्हती.

दुपारी झाडाखालीच ब्रेड आणि खारवलेले मासे खाल्ले. तिनं सांगितलं, लग्न होऊन आली तेव्हा सासूशी वाजलं की ती इथे येऊन बसायची. घर सासऱ्याचं, शेत नवऱ्याचं, भांडीसुद्धा सासूची. स्वतःचं म्हणावं असं एवढंच. हा गोठा मला कशाला हवा, हे सगळ्या गावाला समजावून मी थकलेय. तिला समजवावं लागलं नाही. इतकं बरं वाटलं मला!

५ नोव्हेंबर

पोती घेऊन दोघी घाण्यावर गेलो. घाणेवाल्यानं मावशीच्या पोत्यावर नाव घालायला खडू उचलला.

“आर्गिरोचं घाल,” मावशी म्हणाली. “झाडही आजपासून तिचं. मला मुलगी नाही.”

मग कुणीतरी म्हणालं, आंदण तर आलं, आता आर्गिरोला नवरा बघा! मी सगळ्यांत मोठ्यानं हसले, कारण रडू येत होतं.

परतताना उतारावर तिनं माझा दंड धरला. मी म्हटलं, “मावशी, मला ते तोडायचंय. ठाऊक आहे ना?”

“तुझं आहे. तोड.”

६ नोव्हेंबर

प्रोकोपीस करवत घेऊन आला. म्हटलं, भिंत पाड.