देवाचं नाक आणि पाव किलो भुकटी

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे सगळे आपापल्या पायांवर उभे आहेत. तुझा गुडघा आणि वहिनीची झोप कशी आहे ते कळव.

तुझ्याकडून आलं ते असं: झिजलेल्या कार्बाइडच्या टिपा, दोन पिशव्या, प्रत्येकी वजन अठ्ठावीस किलो. गाडीभाडं दोनशे दहा. हमालाला ठरले तीस, दिले पन्नास (पिशवी उशीएवढी बघून त्याने एका हाताने उचलायला घेतली आणि जिन्यातच बसला, वरचे वीस त्याच्या कंबरेचे). आम्लाचे दोन कॅन आणि रबरी हातमोजे मिळून सहाशे चाळीस.

लेथवर लोखंड कापून बोथट झालेल्या या नखाएवढ्या टिपा लोक भंगारात टाकतात, त्यांत टंगस्टन आणि कोबाल्ट असतो, तो तू घरच्या घरी काढतोस, हे तू यांना सांगितलंस. न सांगतास तरी चाललं असतं. आता आमच्या गच्चीवर चिनी मातीच्या सहा बरण्या (माझ्या) ओळीने मांडल्या आहेत. टिपा आम्लात भिजतात, कोबाल्ट पाण्यात उतरतो, पाणी गुलाबी होतं. ते गुलाबी पाणी हे तान्ह्या लेकीसारखं जपतात. मागे राहिलेली ठिसूळ टीप खलबत्त्यात (तोही माझाच, बत्ता आता अर्धा उरलाय) कुटली की टंगस्टनची करडी भुकटी. काही टिपांवर सोनेरी मुलामा असतो. शेजारणीने त्या बघितल्या, तेव्हापासून ती मला अहो-जाहो करते. मी खुलासा केलेला नाही.

एक मात्र खरं. कारखाना बंद झाल्यापासून हे छताकडे बघत पडून असायचे. तुझ्या पिशव्या आल्या आणि माझ्याआधी उठायला लागले, दाढी करायला लागले. एका व्यापाऱ्याने एक किलो भुकटी नमुना म्हणून मागितली आहे, महिनाअखेरीला नेणार. पसंत पडली तर दरमहा काम. म्हणून बरण्यांबद्दल मी तोंड उघडलं नाही.

आता घोटाळा. सासूबाई यायच्या होत्या आणि आमचा पितळेचा देव त्यांच्या माहेरचा. घासायची पावडर संपलेली. परातीत भुकटी वाळत होती, म्हटलं चिमूटभराने काय होतंय. देव असा लखलखला की मी आणखी घेतली. डोळे मिटून नाव घेत घासत होते (तिथेच चुकलं). उघडून बघते तर देवाला नाक नाही. ओठही गेलेले. जी भुकटी पोलादाला ऐकत नाही तिच्यापुढे पितळ म्हणजे लोणी, हे मला मागाहून सुचलं.

सासूबाईंना दिसतं कमी, पण रोज देवाच्या तोंडावरून हात फिरवल्याशिवाय पाणी पीत नाहीत. फिरवला. थांबल्या. पुन्हा फिरवला. मी भिंतीला टेकलेली.

"सूनबाई, यांचंही वय झालं गं," त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं मी एकटीच झिजतेय."

मग एवढी चकाकी कशाने आली ते विचारलं. देवासमोर खोटं कसं बोलायचं, म्हणून परात दाखवली.

तर दादा, सांगणं एवढंच, यापुढे भंगार धाडू नकोस. संसाराची भांडी मोजकी आणि देव एकच. वहिनीस नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण

ता. क. सासूबाई काल धाकट्या दिरांकडे परत गेल्या. तिकडच्या करपलेल्या भांड्यांसाठी डबीभर भुकटी घेऊन गेल्या. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. देवालाही नव्हतं.

आणखी ता. क. यांनी आज वजन केलं. पाव किलो कमी. आपल्याकडूनच आम्ल जास्त पडलं, आपल्याला हे जमणार नाही, असं म्हणून पांघरूण घेऊन पडलेत. तेव्हा वर लिहिलंय ते सोडून दे. तुझ्याकडच्या तयार भुकटीतली पाव किलो माझ्या नावाने पाठव, मी ती गुपचूप परातीत मिसळते आणि काट्याचाच दोष होता असं सांगते. पुडीवर काय आहे ते ठळक लिही, नाहीतर या घरात कोणी दात घासेल. आणि पाठवलीस की नाही, ते उलट टपाली कळव.