दहा दिवसांचं रीडिंग

३ जानेवारी
शेवटचं सेमिस्टर. एमएस्सी, एनर्जी मॅनेजमेंट अँड सस्टेनेबिलिटी. आख्ख्या आळीत हे नाव धड उच्चारता येणारा मी एकटाच. अव्वा (म्हणजे आई) शेजारी सांगते, शरणू करंटचं शिकतोय. दुरुस्त करणं सोडून दिलंय.
प्रोजेक्ट ठरला. एमआयडीसीतल्या अण्णाराव मालकांच्या टॉवेल डाईंगचं एनर्जी ऑडिट. अप्पा तिथे चोवीस वर्षं बॉयलरवर आहेत, त्यामुळे परवानगीला अर्ज वगैरे लागला नाही. अप्पांनी मालकांना विचारलं, मालक हो म्हणाले.
संकल्प : सलग दहा दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, दर अर्ध्या तासाला रीडिंग. असं काम युनिव्हर्सिटीत अजून झालेलं नसणार.

१२ जानेवारी
दिवस पहिला. साडेनऊला पोचलो. (आठ ही वेळ अव्यवहार्य आहे.)
लाकूड किती जळतं, पाणी किती जातं, धुराड्यातून जाणारा धूर किती तापलेला, हे मोजायचं. धूर २८५ डिग्री. असायला हवा दोनशेच्या आसपास. म्हणजे निम्मी उष्णता आकाशात. पहिल्याच दिवशी एवढी मोठी गोष्ट सापडली.
अप्पांची पद्धत बघून वाईट वाटलं. लॉगबुक नाही. धुराच्या रंगाकडे बघतात आणि लाकूड टाकतात. काही सांगायला लागले, नळ्यांत काजळी भरलीय, म्हणून आत्ता असं दिसतंय वगैरे. मी म्हणालो, अप्पा, मला डेटा घेऊ द्या. ते परत लाकडांकडे वळले. वहीत लिहिलं : operator-dependent process.

१३ जानेवारी
२८८, २८५, २९०. अकरा वाजता निघालो. पॅटर्न समजला की उरलेलं निव्वळ शारीरिक काम असतं.

१४ जानेवारी
सिद्धरामेश्वरांची यात्रा. वर्षातून एकदाच येते, ऑडिट कधीही करता येतं. गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या मैदानात, पाळण्यात बसलो, भाग्यश्री भजी खाल्ली. अप्पा मात्र पहाटेच कामावर गेले, अक्षता सोहळ्यालासुद्धा आले नाहीत. अव्वा चिडली. अप्पा कामावर, म्हणजे बॉयलर चालू. तेवढी नोंद घरबसल्या झाली.
उद्यापासून नियमित.

१७ जानेवारी
घसा. गड्ड्यावरची धूळ. आजारी माणसाने धुरात जाणं हे सस्टेनेबल नाही.

२२ जानेवारी
दहा दिवस पूर्ण. दोन प्रत्यक्ष, आठ एक्सेलमध्ये. याला बनवाबनवी म्हणता येणार नाही. दोन दिवसांचा कल बघून पुढचा कल काढणं ही मान्य पद्धत आहे. एकसारखे दिसू नयेत म्हणून मध्ये मध्ये तीन-चार डिग्री कमी-जास्त केलं. त्यालाही अक्कल लागते.
आमच्या वर्गातली वैष्णवी तिच्या प्रोजेक्टसाठी अजून युनिव्हर्सिटीच्या पंपहाउसमध्ये स्टूल टाकून बसलेली असते. तिचे एकवीस दिवस झाले. बिचारी.

९ फेब्रुवारी
रिपोर्ट तयार. ८४ पानं. वैष्णवीचा ३१ पानांचा.
प्रकरण सहा, शिफारस तीन : "सध्याच्या पद्धतीत बहुतांश उष्णतानाश ऑपरेटरच्या अशास्त्रीय सवयींमुळे होतो. स्वयंचलित गॅस बॉयलर बसवावा. स्वतंत्र ऑपरेटरची गरज राहणार नाही." इंग्रजीत हे फार भारदस्त वाटतं. ऑपरेटर म्हणजे पद, व्यक्ती नव्हे.
इंद्रायणी मॅडम आमच्या गाइड. त्यांनी दोनदा चष्मा लावला-काढला आणि दहा दिवस सलग बसलास का, असं विचारलं. मी म्हणालो, घरचंच आहे मॅडम.

२ मार्च
मालकांच्या केबिनमध्ये प्रेझेंटेशन. तीस स्लाइड. मालकांनी सहाव्या स्लाइडनंतर थेट शेवटची मागितली. मोठ्या माणसांचं असंच असतं. खर्च किती वाचेल, माणूस किती कमी लागेल, दोनच प्रश्न. रिपोर्टची कॉपी ठेवून घेतली. जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, मल्लप्पाचा पोरगा हुशार निघाला.
एनर्जी मॅनेजर म्हणून मलाच बोलावतील असं दिसतंय. मीच तिथे, आणि अप्पाही तिथेच. छान वाटेल त्यांना.

२८ मार्च
मालकांनी अप्पांना एक तारखेपासून येऊ नका सांगितलं. नवीन बॉयलर मे महिन्यात येणार. तोवर जुना बॉयलर कंत्राटदाराची माणसं चालवतील.
अप्पा जेवताना एवढंच बोलले आणि भाकरी अर्धी ठेवून उठले. अव्वा माझ्याकडे बघत राहिली. मी तिला समजावलं की जगभर हेच चाललंय, आम्हाला चौथ्या पेपरला याच्यावर आख्खं युनिट आहे. अशा कामगारांचं आधी पुनर्प्रशिक्षण करायचं असतं. तिने विचारलं, कोण करणार? ते युनिटमध्ये नव्हतं.
स्वतःला दोष देण्यात अर्थ नाही. निर्णय मालकांचा. रिपोर्ट फक्त रिपोर्ट असतो.

६ एप्रिल
अप्पा घरी असले की घर लहान वाटतं. सकाळी सहाला आवरून खुर्चीत बसतात, डबा नसताना.
आज म्हणाले, तुझं पुस्तक बघू. रिपोर्टला ते पुस्तक म्हणतात. इंग्रजी येत नाही, पण आकडे आणि तारखा येतात. मांडीवर घेऊन एकेक पान बघितलं. चाळीसाव्या पानावर, तक्त्यावर थांबले. बोट एका ओळीवर ठेवलं.
"शरणू, चौदा तारखेला बॉयलर थंड हुता की."
मी म्हणालो, कसं शक्य आहे, तुम्ही कामावर गेला होता.
"यात्रेची सुट्टी हुती. बंद असल्याबिगर नळ्या घासता येत न्हाईत. दिवसभर आत हात घालून काजळी काढली. दुसऱ्या दिवसापास्नं धूर दोनशेच्या खाली आला."
रिपोर्ट बंद करून कव्हरवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली आणि परत दिला.
त्या तक्त्यात चौदा तारखेला मी २८७ लिहिलंय. पंधराला २८९.
उद्या मालकांना जाऊन सांगणार. सकाळीच.

७ एप्रिल
मालक सोमवारी कामात असतात.

१५ एप्रिल
विचार केला. विवाच्या आधी सांगितलं तर प्रोजेक्ट रद्द, वर्ष गेलं. मग घरात कमावणारं कुणीच नाही. म्हणजे आत्ता न सांगणं हे अप्पांच्याच हिताचं आहे. विवा झाला की लगेच.

२ मे
विवा. ४३ डिग्री, पंखा बंद. बाहेरून आलेल्या सरांनी एकच प्रश्न विचारला, बाइंडिंग कुठे केलं. नवी पेठेत, म्हणालो.
वैष्णवीला पाऊण तास धरलं होतं.

१० मे
वैष्णवीला सांगून टाकलं. कँटीनमध्ये, दुसऱ्या कुणाचं तरी असं झालंय म्हणून. तिने चहा बाजूला सारला आणि कच्ची वही कुठंय विचारलं. मी म्हणालो, त्या मुलाची हरवली. ती म्हणाली, "त्या मुलाला सांग, नवीन बॉयलर उतरायच्या आत जा. एकदा फाउंडेशन भरलं की कुणी ऐकून घेत नाही." मग बॅग उचलून गेली. तिला कळलंय असं वाटत नाही.

१९ मे
गेलो.
बोलायचं सगळं कागदावर लिहून नेलं होतं. दोनच दिवस बसलो. आठ दिवस खोटे. अप्पांची चूक नाही.
मालकांनी बसायला सांगितलं आणि मी तोंड उघडायच्या आत तेच सुरू झाले. एप्रिलमध्ये गॅसवाल्या कंपनीचा इंजिनियर येऊन जुना बॉयलर मोजून गेला होता. त्याचं मशीन १९८ दाखवत होतं, माझा रिपोर्ट २८७. तो म्हणाला, बॉयलर उत्तम ठेवलाय, कुणी ठेवलाय? मालकांनी अप्पांना बोलावून घेतलं. समोर, मी बसलो होतो त्याच खुर्चीत बसवलं आणि विचारलं, खरं काय.
मालक सांगत होते, "म्हटलं, पोराचं चुकलं असंल तर सांग, उद्यापासनं कामावर ये. तर मल्लप्पा म्हणतो, पोरानं लिवलंय ते बरोबर हाय. मीच हयगय करत हुतो. पोरगं मोजाय आलं तवा लाज वाटली, मग नळ्या घासल्या. आता माणूस सोताच म्हणतोय म्हटल्यावर मी काय करू?"
मग त्यांनी मला विचारलं, तुझं काय काम होतं.
कागद खिशातच होता. घामाने ओला झाला होता.
मी म्हणालो, सहज आलो होतो.
त्यांनी चहा सांगितला. प्यालो. शेडच्या बाहेर खड्डा खणून झाला होता, सळ्या बांधणं चाललं होतं. बॉयलरवर दोन नवी माणसं होती. धूर काळा येत होता. त्यांना काही सांगावं असं वाटलं, पण काय सांगायचं ते मला माहीत नव्हतं.
घरी आल्यावर अप्पांनी विचारलं, कुठं गेलतास. लायब्ररीत, म्हणालो. बरं, म्हणाले.

२० मे
मालकांनी बोलावलं ते नऊ एप्रिलला. अव्वाने सांगितलं. त्या दिवशी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून गेले होते आणि तासाभरात परत आले. तिला म्हणाले, जागा भरली.
म्हणजे सहा तारखेनंतर तीन दिवस होते माझ्याकडे.

४ जून
रिझल्ट. प्रोजेक्टला ओ ग्रेड. विभागात पहिला. नोटीस बोर्डावर नाव लागलंय, वैष्णवीच्या वर. मॅडम म्हणाल्या, पुढच्या बॅचला नमुना म्हणून लायब्ररीत ठेवतेय.
अप्पांना जुळे सोलापुरातल्या एका मंगल कार्यालयात पार्किंगचं काम लागलंय. खाकी टोपी आणि शिट्टी. लग्नसराई आहे तोवर. काल एका पाहुण्याने गाडी नीट लावून घेता येत नाही म्हणून चारचौघांत झापलं, असं अव्वा म्हणाली.
दुपारी निघताना चपला घालता घालता त्यांनी विचारलं, "लागला का?"
लागला, म्हणालो.
"पास?"
पास.
बरं म्हणाले, टोपी घातली आणि ड्युटीवर गेले.