अक्काच्या वर्गातला छेद

प्रिय अक्का,

आज धारला तुझ्या शाळेत तुझी शोकसभा झाली. मी बोलले, खणखणीत बोलले. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! तू असतीस तर डोळे वटारले असतेस. पण नंतर जे ऐकलं, ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

हेडमास्तर माझ्या हातात चहा देत म्हणाले, "मैडम थीं तो ठीक था. अब सातवीं के कमजोर बच्चों को गणित में अलग कमरे में बिठा देंगे." आणि पहिलं नाव घेतलं रुक्माचं.

रुक्मा! निसरपूरकडची, मागच्या बाकावरची. हिच्याच गोष्टी तू फोनवर सांगायचीस ना? इतकी वर्षं हिंदीत शिकवलंस, तरी घाईत तोंडून 'हर'ऐवजी आपला मराठी 'छेद'च निघायचा. एकदा अपूर्णांक लिहून तू म्हणालीस, "नीचे छेद है." हिंदीत छेद म्हणजे भोक! ही उठून म्हणे, "मैडम, नीचे छेद है तो ऊपर वाला गिर नी जाएगा?"

वर्ग खो खो हसला. तूही हसलीस आणि म्हणालीस, "शून्य रखोगी तो गिरेगा. बता, क्यों?" शून्यानं भागता का येत नाही, हे त्या दिवशी अख्खा वर्ग शिकला. असा प्रश्न विचारणारी मुलगी कमजोर? मग हुशार कोण? पाढे घोकून गप्प बसणारा?

दर जूनला हा वेगळ्या खोलीचा विषय निघायचा आणि तू तो परतवायचीस, हेही हेडमास्तरांकडूनच कळलं. मला का नाही सांगितलंस, अक्का? मी देवासला सभा गाजवत होते आणि तू इथे एकटी!

मी कडाडले, "बच्चों को छाँटने के लिए है क्या गणित?"

ते शांतपणे म्हणाले, "दीदी, आप ही बताओ, पढ़ाएगा कौन?"

दारात रुक्मा उभी होती. सगळं ऐकत होती. 

"मैं," मी म्हणाले.

हसू नकोस! मॅट्रिकला गणितात मला तूच ढकलून पास केलंस, ठाऊक आहे. कॉलेजातून मुदतीआधी निवृत्त झालेच आहे. आजपासून तुझ्याच घरी राहते, सोमवारपासून वर्गावर जाते. तुझी सातवीची पुस्तकं काढून बसले आहे. अडेन, चुकेन, मुलांनाच विचारीन. पण त्या वर्गातलं एकही मूल उठून दुसऱ्या खोलीत जाणार नाही. हा शब्द माईकवर दिलेला नाही, अक्का. तुला देते आहे.

तुझी भांडकुदळ,
कुमुद