अठरा महिने लाकडात

अण्णा,

आज दुपारी तुम्ही मला बारोलोच्या टेकडीवर दिसलात. इटलीला मी कधी गेलेलो नाही. ती टेकडी मला नकाशे, कागदपत्रं आणि बाटल्यांवरच्या लेबलांमधून पाठ झाली आहे. अर्विंगच्या आमच्या ऑफिसात जेवणानंतर क्षणभर डोळा लागला. खिडकीबाहेर पार्किंगच्या डांबरावर टेक्सासचं ऊन थरथरत होतं आणि मिटल्या डोळ्यांमागे ऑक्टोबरचं धुकं उतरत होतं. तुमचं धोतर गुडघ्यापर्यंत त्या धुक्यात बुडालेलं. तुम्ही वेलीवरचा एक मणी तोडलात, दोन बोटांत फिरवलात, दाताखाली धरलात आणि नेहमीसारखा थुंकून टाकलात. मग माझ्याकडे न बघताच विचारलंत, "ह्याची प्रत कुणी लावली?" मी उत्तर देणार, तेवढ्यात जाग आली.

तुम्हाला जे कधी सांगितलं नाही ते आता क्रमाने सांगतो. त्या टेकड्यांवर नेब्बिओलो नावाचं काळं द्राक्ष पिकतं. ते फार उशिरा, धुकं पडू लागल्यावर तयार होतं, आणि त्याचं नावही धुक्यावरूनच पडलं असं तिथे मानतात. त्याच्या वाइनला बारोलो म्हणवून घ्यायचं असेल, तर नियम कडक आहेत. द्राक्ष निव्वळ नेब्बिओलो हवं, दुसऱ्या जातीचा थेंबही चालत नाही. मळा ठरलेल्या अकरा गावांच्या हद्दीत हवा, तोही उतारावर. खालच्या सपाटीवरचा चालत नाही. आणि सुगीच्या वर्षाच्या नोव्हेंबरपासून अडतीस महिने वाइन मुरायला हवी, त्यांतले किमान अठरा लाकडात. एवढं सगळं जुळलं की बाटलीच्या मानेवर बारोलोची सरकारी पट्टी चिकटते. ते अठरा महिने पुरे भरले नाहीत, तर द्राक्ष तेच, उतार तोच, तरी नाव एक पायरी खाली येतं: लांगे नेब्बिओलो. परदेशातून आलेल्या अशा मालाची कागदपत्रं लेबलाशी ताडून पाहायची आणि नमुना चाखायचा, हे माझं काम. वीस वर्षं मी तेच करतो आहे, अण्णा. वाइनचं.

तासगावच्या अडत दुकानात तुम्ही याहून वेगळं काय करत होतात? पांढऱ्या कापडावर बेदाणा ओतला जायचा. रंग, गोलाई, देठ, चिकटपणा, आणि शेवटी जीभ. एक मणी चावून तुम्ही पितळी तस्तात थुंकायचात, कारण गोडी जिभेवर साचली की पुढचा माल खोटा लागतो, असं तुमचं म्हणणं. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी तुमच्या हाताखाली होतो. एका रात्री अवकाळी पाऊस झाला आणि बेदाणा वाळत होता त्या शेडमधल्या कडेच्या रॅकवर शिंतोडे आले. पुढे गंधकाची धुरी दिल्यावर तो मालही बाकीच्यासारखाच सोनेरी दिसू लागला. मी सगळ्या पेट्यांवर 'एक नंबर' लिहून मोकळा झालो. तुम्ही तिसऱ्या पेटीत हात घातलात, मूठ नाकाशी नेलीत. तो दिवस मला आजही वर्तमानकाळातच आठवतो.

"हा कडंच्या रॅकचा?"

"हो. पण दिसायला सारखाच आहे, अण्णा."

"दिसतंय काय ते गिऱ्हाईक बघंल. झालंय काय ते आपण लिहायचं."

"पण कळणार कुणाला?"

"तुला कळलंय की, लेका."

हमाल हसतात. त्यांतला एक म्हणतो, "कॉलेजात ह्यो धडा गाळला वाटतं, मालक!" आणि मी तापलेल्या कानांनी एकेका पेटीवरचा आकडा खोडतो, दोन लिहितो. तुम्ही शेवटची पेटी होईपर्यंत शेजारी उभे राहता.

मी अमेरिकेला निघालो त्या दिवशी आई स्वयंपाकघरात चटण्यांची पुडकी बांधत होती. तुम्ही बेदाण्याची एक पिशवी आणलीत, मणी न् मणी स्वतः निवडलेली, आणि ती माझ्या हातात देऊन हात तसाच धरून ठेवलात. "तिकडं थंडी असती, सगळीच पितात. तू घोटभरबी घशाखाली जाऊ द्यायचा न्हाई." मी शब्द दिला. काही वर्षांनी ही नोकरी मिळाली तेव्हा तुम्हाला कळवलं, की द्राक्षांच्या मालाच्या आयातीत आहे, प्रत तपासतो. तुम्ही साऱ्या बाजाराला सांगितलंत, पोरगं अमेरिकेत द्राक्षांची प्रत लावतं म्हणून. मी वाक्य फार काळजीपूर्वक बेतलं होतं. त्यात खोटा शब्द एकही नव्हता.

शब्दही तसाच पाळला. या धंद्यात चाखून थुंकायचीच रीत आहे; माझ्याइतकं नेमकं कुणी थुंकत नाही, असं इथले लोक थट्टेने म्हणतात. ती विद्या तुमचीच. मागच्या महिन्यात माझी मुलगी हसत म्हणाली, "बाबा, यू आर सो वीअर्ड. ट्वेंटी इयर्स वाइन टेस्ट करतोस आणि एक सिपसुद्धा नाही?"

"आजोबांना शब्द दिलाय."

"ओके, बट डिड ही नो? तुझा जॉब काय आहे ते?"

मी तिला गाडीत पेट्रोल आहे का, ते विचारलं.

आणि या आठवड्यात एका द्राक्ष-बागायतदाराचे कागद आले. आम्ही त्याची बारोलो मागवली होती. चौदाव्या महिन्यात त्याचं एक लाकडी पिंप गळू लागलं, म्हणून त्याने ती वाइन पोलादी टाकीत घेतली. दुसरं पिंप त्याच्याकडे नव्हतं. तळघरात तो एकटाच होता. त्याने स्वतःहून नाव लांगे नेब्बिओलोवर उतरवलं आणि हे सगळं पत्रात लिहिलं. आमच्या ऑफिसातला पुण्याचा तरुण चक्रावून गेला. "काका, हा चूप बसला असता तर कुणाला कळलं असतं यार? ऑर्डर कॅन्सल करू?"

"नको. त्यानं झालंय ते लिहिलंय," मी म्हणालो. आवाज माझा नव्हता. तेव्हापासून तुम्ही डोळ्यांपुढून हलत नाही.

म्हणून आता माझंही लिहितो. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या वर्षी, अशाच एका दुपारी, मी एक जुनी बारोलो चाखत होतो. आधी गुलकंदाचा वास आला आणि त्यामागून तापलेल्या डांबराचा, एप्रिलमध्ये मार्केट यार्डाच्या रस्त्यावर यायचा तसा. थुंकायचं भांडं समोर होतं. मी वाकलो नाही. त्या रविवारी तुमचा फोन आला.

"दिलेला शब्द हाय न्हवं ध्यानात?"

"आहे, अण्णा."

"पाळतोस?"

"पाळतो."

मग म्हणालात, "एक नंबर." माझ्या उभ्या आयुष्यात ती प्रत तुम्ही मला त्या एकदाच दिलीत.

ती मी आज खोडतो आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही. त्या बागायतदाराच्या उतरवलेल्या लेबलाची एक प्रत माझ्या खणात आहे, तिच्याखाली ठेवीन. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, की तो घोट चुकून गेला. ते वाक्य काढून टाकलं आहे. चुकून गेला नव्हता, अण्णा. मला ती बारोलो फार आवडली होती, आणि तुम्हालाही चाखवावी असं वाटलं होतं.