वॉर्डातला टॅकल

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी तुझी खुशाली विचारायला हवी, पण आज मला तोंड दाखवायला जागा उरलेली नाही. काल ऑपरेशननंतर भुलीच्या गुंगीत एक आजोबा पलंगावरून उठले आणि वॉर्डाबाहेर धावत सुटले. नर्सने धरा-धरा असा ओरडा केला. मी नुसता त्यांचा हात धरला असता तरी पुरलं असतं. पण देशाकडून रग्बी खेळलेलं हे अंग! विचार करायच्या आत मी मैदानातल्यासारखा टॅकल करून, कमरेला मिठी मारून त्यांना आडवं केलं होतं. ऐंशीच्या घरातला माणूस गं! मनगट मोडलं. त्याहून वाईट म्हणजे लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि क्षणभर मला बरं वाटलं.

मोठे डॉक्टर म्हणाले, घरच्यांना पाय घसरला म्हणून सांगू. मी गप्प बसलो. भावोजींना यातलं काही सांगू नकोस.

तुझा,
ढोल्या

९ मार्च

चि. ढोल्यास,
अ. उ. आ.

खोटं कशाला बोलू, आधी हसू आलं, मग माझीच मला लाज वाटली. लहानपणी तू मला असंच पाडायचास आणि वर तूच भोकाड पसरायचास. खेळ सोडून डॉक्टर झालास तेव्हा आईला वाटलं होतं, आता तरी हा माणसांना उभं करेल. पाय घसरला म्हणे! कुणाचा घसरला ते तुला पक्कं ठाऊक आहे. उद्याच्या उद्या जा आणि त्यांना खरं सांग. नोकरी गेली तर इथे ये, दोन घास जड नाहीत.

तुझ्या भावोजींना मी सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही. रागावले आहे, तरी आशीर्वाद आहेतच.

तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो, सांगितलं. मोठे डॉक्टर फणफणले आहेत, नोकरीचं अजून काही ठरलेलं नाही. आजोबांना त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. खरं कळल्यावर रागवायचं सोडून ते खूशच झाले! माझे सामने त्यांनी पाहिलेत. आपल्याला पाडणारा कुणी साधासुधा नव्हता, असं त्यांनी सगळ्या वॉर्डाला ऐकवलं आणि प्लास्टरचा हात पुढे करून सही मागितली.

आजी शेजारी बसून त्यांना चमच्याने भरवत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या की त्या दिवशी त्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, आणि हे त्यांच्याकडेच येत होते.

धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण आजोबा हात पुढे धरूनच बसले होते, म्हणून सही केली. ताई, आता प्लास्टर निघेपर्यंत रोज भरवताना माझं नाव आजींच्या डोळ्यांसमोर राहणार.

एवढं करूनही माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
ढोल्या