बाबांचं अर्धं राहिलेलं चित्र

उस्मानपुरा, औरंगाबाद
१२ जून १९८४

प्रिय भास्कर,

आशीर्वाद. बाबांचं तेरावं करून तू गेलास, त्याला तीन महिने झाले. तुझं पत्र नाही. मी बरी आहे. शेजारची जमिला रोज डोकावून जाते. एकटीपुरत्या भाकरी थापायचा कंटाळा येतो, म्हणून दोन दिवसांच्या एकदम करून ठेवते.

पुढच्या खोलीतलं चित्राचं मोठं कापड गुंडाळून ठेव म्हणाला होतास. मला नाय जमलं. अर्धं रंगवलेलं, अर्धं कोरं, तसंच जमिनीवर अंथरलेलं होतं. मी कडेकडेनं ये-जा करायचे. तीस वर्षं शाळेत पोरांना आंबा न् कळशी काढायला शिकवणारा माणूस घरी असलं कशाचंच नसलेलं चित्र का काढतो, हे तुला कधी उमगलं नाही. मलाही नाही. पण मी जवळ बसायचे. शहागंजातून आणलेल्या रंगाचा डबा हातात द्यायचे. बाबा रंग ओतायचे, गवंड्याच्या थापीनं ओढायचे, चिंध्यांच्या बोळ्यानं पुसायचे, परत ओतायचे. हे काय आहे, असं एकदा विचारलं. म्हणाले, आधी ठरवलं असतं तर सांगितलं असतं.

वैशाखातल्या एका दुपारी मी पदर खोचला आणि निळ्याचा डबा उघडला. वर साय धरली होती. कोऱ्या बाजूवर पहिला रंग ओतला. वाटलं, नासलं. मग थापीनं ओढत गेले तसा राग आला. त्यांचा, तुझा, माझाही. काळा ओतला. गुडघ्यांवर रांगत तळहातानं फासला. आठ दिवस तेच. खरवडायचं, बघत बसायचं, पुन्हा ओतायचं. नवव्या दिवशी थापी उचलली आणि तशीच खाली ठेवली. आता कुठंच हात लावावासा वाटेना.

परवा मुंबईहून एक प्रदर्शनवाले आले. सगळी चित्रं बघून याच्यासमोरच थांबले. म्हणाले, बाई, हे त्यांचं सगळ्यात मोठं काम, उजवी बाजू तर फारच. मी म्हटलं, उजवी बाजू माझी आहे. ते हसले, मग यादीतून हे चित्र खोडलं. बाकीची चित्रं घेऊन गेले. हे इथंच आहे.

मी गप्प बसले असते तर बाबांचं नाव झालं असतं, असं तू म्हणशील. व्हय, झालं असतं. पण भास्कर, निजाम गेला त्या पोलीस ॲक्शनच्या वर्षी लग्न होऊन या घरात आले, तेव्हापासून मी केलेलं सगळं कुणी खाऊन संपवलं, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा मळलं. ही एकच गोष्ट राहिली. ती बघायला ये. आवडली नाही तरी चालेल.

तुझीच,
आई