बांधावरचं गवत

१२ फेब्रु., गुरुवार
तालमीत बैठक. बिरू धनगर आणि माझा बांधकरी, शेजारच्या रानाचा दिनकर. गेल्या साली दोघं काठ्या घेऊन उभे होते, मेंढरांनी तोडलेल्या उसाच्या खोडव्याचे कोंब खाल्ले म्हणून. आज एका ताटलीतली भजी खाल्ली. ठरलं : बांधावरचं गवत मेंढरांचं, खोडव्यात पाय नाही. बदल्यात बिरूनं सगळ्यांच्या रानात आळीपाळीनं मेंढरं बसवायची, लेंडीखत फुकट. ही तोड माझी. शाल-नारळही मलाच. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१६ फेब्रु., सोमवार
माझ्या दुकानात खताची थप्पी बघत होतो, पाठ गिऱ्हाइकांकडं. दिनकर कुणाला तरी हळूच, "बांधावर औषध मारलंय. चरू देत की आता."
हमाली करायचो तेव्हा सगळा बाजार कानानंच शिकलो. ऐकण्यात चूक नाही.
वळलो. दि. हसला. "काय आण्णा, आज च्या न्हाय व्हय?"
मागवला. मीही हसलो. त्याच्या भावकीची सात घरं माल माझ्याकडूनच नेतात.
बिरूला फोन करायचा राहिला. राहिला म्हणजे, केला नाही.

१७, मंगळवार
बिरूची नऊ मेंढरं मेली. चार गाभण. बिरूची बायको काशी एकेकीला नावानं हाका मारत होती.

१८, बुधवार
पुन्हा तालीम. धनगरांची पोरं तापलेली. बिरूनं त्यांना गप्प केलं. "आण्णा सांगतील ते खरं. दुसऱ्या कुनाचं ऐकनार न्हाय."
सगळे माझ्याकडं.
"रोग असंल," मी म्हणालो.
दि. लगेच, "व्हय, रोगच! हवा बी लई खराब हाय."
डॉक्टर बोलवू म्हणाला एकजण. "कशाला उगाच?" हेही मीच.
उठताना कानावर आलं, आण्णा हायत म्हणून गाव शांत हाय. जेवण गेलं नाही. बायकोला सांगितलं, पोट बिघडलंय.

२०, शुक्रवार
माझी पाळी. मेंढरं माझ्या रानात बसलीत. नऊ जनावरं गेली तरी शब्द पाळतोय गडी.
सकाळी गेलो. सांगून टाकलं. दुकान, दिनकरचं बोलणं, चहा, सगळं. बिरू मेंढरांभोवतीची जाळी गुंडाळत होता. हात थांबले नाहीत.
काशी म्हणाली, "तीन दिस मी ह्यास्नी बोलतीया. तुमीच कुटं तरी वंगाळ चारलं म्हून."
"भरून देतो," म्हणालो. वाईट वाटलं तोंडातून जाताच.
बिरू, "मागटलं व्हय म्या?" मग जाळी खांद्यावर टाकत, "हितं रानात नगासा सांगू, आण्णा. जितं रोग म्हनलासा, तितं म्हना."

२२, रविवार
पाच वाजता बैठक. मीच बोलावलीय. कशाला, ते बिरू-काशी सोडून कुणाला ठाऊक नाही.
साडेचार झाले. दि. गाडी घेऊन दारात, मला न्यायला आलाय. बायकोनं पाणी दिलं त्याला. अंगणातून ओरडतोय, "आण्णा, कसली बैठक वो? बसा की मागं, जाऊ संगट."
आलो म्हणालो.
अजून लिहितोच आहे.